मूर्ती नाही, मग ही चित्रं कशासाठी? जुन्या शीख भक्तिकलेबद्दल

नांदेडला सचखंड हुजूर साहिबचं दर्शन घेऊन आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शीख धर्मात मूर्तिपूजा नाही, आत पाहिलं तर ग्रंथ आणि शस्त्रं. पण बाहेरच्या दुकानांत मात्र गुरुनानकांच्या तसबिरींची रांग. ही चित्रं काढायची रीत अलीकडची की जुनी? जुनी असेल तर ती पूजेसाठी होती का? आणि त्या चित्रांतून शिखांच्या श्रद्धेचं काय कळतं?

मी चोवीस वर्षं जुन्या हस्तलिखितांच्या आणि लघुचित्रांच्या जतनाचं काम करते. माझ्या टेबलावर मोडीतली बाडं येतात, फारसी पोथ्या येतात, अधूनमधून गुरुमुखी पोथीही येते. त्यामुळे माझं उत्तर कागदाच्या बाजूने सुरू होणार, ते चालवून घ्या.

रीत जुनी आहे. सचित्र जन्मसाख्या, म्हणजे गुरुनानकांच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या पोथ्या, तीनशे वर्षांपूर्वी तर नक्कीच तयार होत होत्या. पण ती चित्रं देव्हाऱ्यात ठेवायला काढलेली नव्हती. साखी वाचली जायची, लोक ऐकायचे आणि मधे चित्राचं पान यायचं. कानाला डोळ्याची साथ, असं त्यांचं काम होतं. हे नीट कळायला आधी मूळ श्रद्धेकडे जावं लागतं.

गुरु ग्रंथ साहिबची सुरुवात ज्या मूलमंत्राने होते त्यात परमात्म्याला ‘अकाल मूरति’ म्हटलंय. मूर्ती हा शब्द आहे, पण कशी मूर्ती, तर काळाच्या पलीकडची. लगेच पुढे जपुजी या रचनेमध्ये गुरुनानक म्हणतात, ‘थापिआ न जाइ कीता न होइ’. हे मराठी माणसाला भाषांतराशिवाय कळावं. आपणही घट स्थापतो, गणपतीची स्थापना करतो. तो थापता येत नाही, कुणी घडवला असंही होत नाही. आता ज्याची ही श्रद्धा आहे त्या समाजातल्या चित्रकाराने काय काढायचं? परमात्म्याचा चेहरा काढता येत नाही. जन्मसाखीच्या चित्रांत अकाल पुरुखाला, म्हणजे परमात्म्याला, चेहरा दिलेला मी तरी पाहिलेला नाही. सुलतानपूरला काली बेईं नदीत गुरुनानक बुडी मारतात, तीन दिवस दिसत नाहीत, दैवी दरबारातून परत येतात आणि ‘ना कोई हिंदू ना मुसलमान’ म्हणतात, तो प्रसंग घ्या. साखी दरबाराचं वर्णन करते. चित्रकाराच्या हाती उरतात नदी, काठावरची माणसं आणि तिथे वाट पाहणं.

म्हणून या कलेचा पहिला मान चित्राकडे गेलाच नाही, तो ग्रंथाकडे गेला. पाचवे गुरु अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदि ग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून काढला आणि त्याच वर्षी अमृतसरच्या हरमंदिर साहिबात त्याचा प्रकाश झाला, म्हणजे तो उघडून विराजमान केला गेला. पुढे १७०८ मध्ये नांदेडला गुरु गोबिंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिलं. ही घटना महाराष्ट्राच्या भूमीवर, गोदावरीच्या काठी घडली, आणि शीख कलेचा सगळा रोख कळायला याच्याइतकी मोठी किल्ली दुसरी नाही. कारण त्यानंतर राजाला द्यायचे जे जे मान असतात ते सगळे ग्रंथाला मिळाले. वर चांदणी, खाली गादी, बाजूला चौरी ढाळणारा सेवक. पहाटे प्रकाश, रात्री सुखासन, म्हणजे विश्रांतीला नेणं. ग्रंथावर घालायच्या रुमाल्यावर स्त्रियांनी केलेलं भरतकाम. आपल्याकडे पालखीत पादुका असतात, तिथे पालखीत ग्रंथ असतो. आणि पानाला पान म्हणत नाहीत, ‘अंग’ म्हणतात. आजच्या छापील प्रतीत अशी १४३० अंगं आहेत. ज्याची मूर्ती घडवायची नाही असं ठरलं, त्याच्या शब्दाला मात्र देह आहे.

जुन्या हस्तलिखित प्रती, पंजाबीत त्यांना ‘बीर’ म्हणतात, पाहताना दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे ‘लडीवार’ लेखन. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ओळभर अक्षरं माळेसारखी ओवलेली असतात. वाचणाऱ्याला शब्द कानाने तोडावे लागतात, नुसत्या डोळ्याने ते जमत नाही. दुसरी म्हणजे ‘निशाण’. गुरूंच्या हातचा मूलमंत्र असलेला कागद ग्रंथाच्या सुरुवातीला जोडायचा आणि त्याच्याभोवती सोन्याची, निळ्या रंगाची वेलबुट्टी काढायची. ही वेलबुट्टी कुराणाच्या प्रती सजवणाऱ्या कारागिरांच्या हातवळणाची आहे, आणि तसं असण्यात कुणाला काही खटकलं नाही. काही जुन्या बिरींच्या शेवटी तर शाई करायची कृती लिहून ठेवलेली आहे, ‘सियाही की बिधि’. मला ही नोंद फार हलवून जाते. एवढा पवित्र ग्रंथ, आणि शेवटी पुढच्या लिहिणाऱ्यासाठी शाईची रीत सांगून ठेवलेली. हे लेखन पुढे चालू राहणार आहे, हे त्या लेखनिकाने गृहीतच धरलं होतं.

आता जन्मसाखीकडे येऊ. साखी म्हणजे साक्ष. चरित्र या अर्थाने तिच्याकडे गेलात तर तारखांचे आणि भूगोलाचे घोळ सापडतील. ज्यांना गुरूंच्या भेटीने काहीतरी झालं, त्यांनी दिलेली साक्ष आहे ती. सचित्र जन्मसाख्यांमध्ये अभ्यासकांना सर्वांत जवळची आहे ती ‘बी-४०’, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली. हे नाव ग्रंथालयाच्या जुन्या क्रमांकावरून पडलं. पोथी १७३३ सालची. भाई संगू मल यांनी ती करवून घेतली, दयाराम अबरोल यांनी लिहिली आणि आलमचंद राज यांनी तिच्यात ५७ चित्रं काढली. ‘राज’ म्हणजे गवंडी. दरबारी चितारी नव्हे, भिंती बांधणारा माणूस, आणि ते चित्रांत दिसतं. सपाट रंगाची पार्श्वभूमी, ठसठशीत रेषा, मोजकी माणसं, एखादं झाड. मुघल चित्रातला बारीक नक्षीचा गालिचा किंवा दूरवर विरत जाणारा डोंगर इथे शोधू नका. लहान मुलासमोर हातवारे करून गोष्ट सांगावी तसं हे काम आहे, आणि मला ते पुष्कळशा नाजूक दरबारी चित्रांपेक्षा जास्त खरं वाटतं.

सालाकडेही लक्ष द्या. १७३३ म्हणजे लाहोरला सुभेदार झकरिया खान होता. शिखांचा छळ करून उपयोग होत नाही म्हणून त्याच वर्षी त्याने नवाबी आणि जहागीर देऊ केली, ती शिखांचे पुढारी कपूरसिंग यांनी स्वीकारली. दोन वर्षांत तो समेट मोडला आणि छळ पुन्हा सुरू झाला. अशा काळात पंजाबातल्या एका गवंड्याने काय रंगवलं? गुरुनानक पीर-फकिरांशी बोलतायत, जोग्यांशी बोलतायत, पंडितांशी बोलतायत. समोरचा माणूस राक्षसासारखा काढायची पूर्ण मुभा होती. आलमचंदने ती घेतली नाही. सूफी शेख आणि बाबा, म्हणजे गुरुनानक, समोरासमोर, एकाच जमिनीवर बसलेले आहेत. गुरु अर्जनदेवांची ओळ आहे, ‘ना को बैरी नही बिगाना’. कुणी वैरी नाही, कुणी परका नाही. ही ओळ सुखाच्या दिवसांत म्हणणं सोपं असतं.

अशा चित्रासमोर बसलात की नजर आधी गुरुनानकांवर जाईल. ती तिथून काढून शेजारच्या वाद्यावर, रबाबावर न्या.

भाई गुरदासांच्या पहिल्या वारेत, म्हणजे दीर्घ कवितेत, एक ओळ आहे: ‘इकु बाबा अकाल रूपु दूजा रबाबी मरदाना’. एक बाबा, दुसरा रबाब वाजवणारा मरदाना. जन्मसाखीच्या चित्रांचा पायाच या ओळीत आहे. मरदाना जन्माने मुसलमान, गाणं-बजावणं करणाऱ्या मिरासी जातीतला. साखीमध्ये बाबा पुन्हापुन्हा त्याला रबाब छेडायला सांगतात, कारण बाणी, म्हणजे गुरूंची वाणी, आली आहे. म्हणजे शब्द उतरायच्या आधी सूर लागायला हवा. चित्रात मरदाना जवळजवळ नेहमी बाबांच्या जवळ, मांडीवर रबाब घेऊन बसलेला असतो. हा सजावटीचा वादक नाही. ऐकण्याची क्रिया दाखवायची कशी, हा चित्रकारापुढचा पेच होता, आणि रबाब हे त्याचं उत्तर आहे. ‘सबदु गुरू सुरति धुनि चेला’ असं गुरुनानक सिद्धांना, म्हणजे जोग्यांना, सांगतात. शब्द हा गुरू, आणि त्या नादात लागलेलं लक्ष हा शिष्य. हे वाक्य रंगात आणायचं तर वाद्य काढायचं आणि आजूबाजूला ऐकणारी माणसं काढायची, दुसरा मार्ग नाही. मुखवटा कितीही तेजस्वी काढला तरी ते साधत नाही.

बाजारातल्या चित्रांत उजवी-डावीकडे दोघं असतात, रबाब घेतलेला मरदाना आणि चौरी किंवा मोरचेल घेतलेला बाला. भाई गुरदासांच्या वारेत बाला नाही. तो ‘बाला जन्मसाखी’ नावाच्या परंपरेतून आला आणि १९व्या शतकात ही परंपरा इतकी लोकप्रिय झाली की त्रिकूट पक्कं झालं. मला बाल्याबद्दल आकस नाही. पण चौरी ढाळणारा आला की बसलेला माणूस राजा होतो, आणि रबाब वाजवणारा असला की तो गाणारा साधू असतो. कुणाचं चित्र कुठे झुकलंय हे बघायला ही खूण उपयोगी पडते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. जुन्या चित्रांत गुरुनानकांच्या गळ्यात ‘सेली’ असते, काळ्या लोकरीची दोरी, फकीर वापरायचे ती. डोक्यावर टोपी किंवा तिच्याभोवती गुंडाळलेलं पागोटं, हातात जपमाळ, कधी ठिगळांची कफनी. मक्केला जाताना त्यांनी निळे कपडे घातले, हातात काठी आणि काखेत किताब होती, असं भाई गुरदास सांगतात. हिंदू की मुसलमान हे वेशावरून ठरवता येऊ नये, असाच तो वेश आहे. चित्रकाराला मॉडेल नव्हतं. हयातीत काढलेलं खात्रीचं एकही चित्र उपलब्ध नाही. त्याने चेहरा श्रद्धेतून घेतला आणि कपडे साखीतून.

मक्केच्या याच प्रसंगाशी आपलं, मराठी माणसांचं, एक घट्ट नातं आहे. बाबा मक्केत झोपतात, पाय पवित्र दिशेकडे. चिडलेला माणूस त्यांचे पाय धरून ओढत दुसरीकडे फिरवतो, तर मक्काच फिरते. ही कथा वाचली की मराठी वाचकाला औंढ्या नागनाथाचं देऊळ आठवायलाच हवं. नामदेवांना कीर्तनाला दारातून उठवलं, ते मागे जाऊन बसले आणि देऊळ त्यांच्याकडे फिरलं. आणि हे नुसतं आपल्या मनातलं साम्य नाही. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत आणि त्यांत ‘भगत जनां कउ देहुरा फिरै’ ही ओळ आहे. म्हणजे जन्मसाखी ऐकणारे शीख श्रोते देऊळ फिरल्याची ही बाणी आधीपासून गात होते. मक्केची गोष्ट ऐकताना त्यांच्या कानात आपला नामदेव वाजत असणार, असं मला वाटतं.

चित्रकाराला मात्र हा प्रसंग अवघड. फिरणारी इमारत कशी काढायची? या प्रसंगाच्या चित्रांत इमारत बहुधा शांत उभी असते, बाबा आडवे असतात, आणि लक्ष वेधतो तो घोट्यावर पडलेला हात. फिरणं पाहणाऱ्याच्या मनात घडतं, किंवा वाचणाऱ्याच्या आवाजात.

नामदेवांचंच आणखी एक पद ग्रंथात आहे, तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारं. ‘एकै पाथर कीजै भाउ, दूजै पाथर धरीऐ पाउ। जे ओहु देउ त ओहु भी देवा’. एका दगडावर प्रेम करायचं, दुसऱ्यावर पाय ठेवायचा. तो देव असेल तर हाही देवच. आणि याच ग्रंथात, याच नामदेवांचं, देवाला वाटीतून दूध पाजल्याचं पदही आहे. गुरु अर्जनदेवांनी दोन्ही घेतली. मूर्तीला विरोध म्हणजे प्रेमाला विरोध नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जन्मसाखीतली चित्रं याच मोकळ्या जागेत उभी आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका कुटुंबाची पोथी आली होती, बहुधा १९व्या शतकातली, हातकागदावरची. त्यातलं एक पान मी महिनाभर हाताळलं. झाडाखाली बाबा, समोर मरदाना, बाजूला तिघं ऐकणारे. झाड जंगालाने रंगवलेलं होतं. जंगाल म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा. दिसायला सुंदर, पण कागदाला खातो. पान उलटलं तर मागच्या कोऱ्या बाजूवर तपकिरी झाड उमटलेलं, एकेका पानासकट, जळल्यासारखं. भिंगातून पाहिलं की हिरव्याच्या कडेला केसासारख्या चिरा दिसत होत्या आणि दोन ठिकाणी फांदीच्या आकाराचा तुकडा सुटायला आला होता. मरदान्याचा रबाब मात्र शाबूत, कारण तो हिंगूळ आणि काजळीने रंगवला होता. त्या घरच्या आजींनी विचारलं, झाड पुन्हा हिरवं करून द्याल का? मी नाही म्हटलं. जतनात आपण पडणारं थांबवतो, गेलेलं रंगवत नाही. मागून पातळ जपानी कागद लावला, चिरा बसवल्या. आजींची काळजी वेगळीच होती. त्यांना ते पान भिंतीवर लावायचं नव्हतं, गुरपूरबला, म्हणजे गुरूंच्या जयंतीच्या उत्सवाला, पोथी वाचताना ते पान उलटता यायला हवं होतं. तीनशे वर्षांपूर्वी जो उपयोग होता तोच त्या सांगत होत्या.

झाड का असतं, हेही तिथेच कळलं. छत्र नाही, सिंहासन नाही, झाड. सावली सगळ्यांवर सारखी पडते.

भिंतींवरची कला हा मोठा विषय आहे, तिला इथे फक्त स्पर्श करते. हरमंदिर साहिबच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यावरची ‘मोहराकशी’ आहे, संगमरवरात रंगीत दगड बसवलेली ‘जडतकारी’ आहे, रणजितसिंगांच्या काळातलं सोन्याचं काम आहे. सगळीकडे वेली, फुलं, गुलदस्ते, पक्षी. माणसाची आकृती जवळजवळ नाही. जिन्याच्या भिंतीवरचं गुरु गोबिंदसिंगांचं घोड्यावरचं चित्र हा प्रसिद्ध अपवाद. तिथून चालत काही मिनिटांवर बाबा अटल हा नऊ मजली गुरुद्वारा आहे, आणि तिथे मात्र गुरुनानकांचं सगळं आयुष्य भिंतींवर रंगवलेलं. हा फरक मला फार बोलका वाटतो. जिथे ग्रंथ विराजमान आहे त्या मुख्य जागी फुलं, आणि जिथे माणसं गोष्ट आठवत वर चढतात तिथे माणसांची चित्रं. नाण्यांवरही हेच. महाराजा रणजितसिंगांनी नाणी पाडली ती गुरूंच्या नावाने, त्यावर स्वतःचा मुखवटा नाही.

पुढे चित्र बदललं. १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून गुलेर-कांगड्याकडच्या पहाडी चित्रकारांकडे शीख सरदारांची कामं येऊ लागली, नैनसुख या नामवंत चित्रकाराच्या घराण्यातलेही त्यात होते. दहा गुरूंचे संच निघाले. गुरु गोबिंदसिंग घोड्यावर, हातावर बाज, म्हणजे ससाणा, डोक्यावर कलगी. रेषा मऊ झाली, रंग उजळ झाले, प्रभावळ पक्की झाली. मग लाहोर-अमृतसरच्या बाजारातले लाकडी ठशांचे छापे आले, मग कॅलेंडरं. आज तुमच्या डोळ्यांपुढे येणारे पांढऱ्या दाढीचे, अर्धोन्मीलित डोळ्यांचे, आशीर्वादाचा हात उचललेले गुरुनानक हे बरेचसे चित्रकार सोभासिंग यांचे आहेत, १९६९ च्या पाचशेव्या जयंतीच्या सुमाराचे. चित्र मनापासून केलेलं आहे. पण त्यात बाबा एकटे आहेत. रबाब नाही, शेख नाही, जोगी नाही, ऐकणारं कुणी नाही. चित्रातून संगत गेली की उरतो फक्त चेहरा, आणि चेहऱ्यापुढे हात आपोआप जोडले जातात. दुकानात तुम्हाला जे खटकलं त्याचं मूळ इथे आहे असं माझं मत आहे. गुरूंच्या काल्पनिक चेहऱ्यांबद्दल शीख समाजातही मतभेद आहेत, आणि घरात तसबीर असली तरी मत्था टेकायचा तो ग्रंथापुढे, हे मात्र कुठल्याही गुरुद्वाऱ्यात तुम्हाला स्पष्ट दिसेल.

पुन्हा नांदेडला गेलात तर संध्याकाळच्या आरतीला थांबा. हुजूर साहिबला दिव्यांनी आरती होते, पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत ती तशी होत नाही. गायलं जातं ते गुरुनानकांचं पद, ‘गगन मै थालु रवि चंदु दीपक बने’. आकाश हे तबक आणि सूर्य-चंद्र हे दिवे. डोळे दिव्यांकडे जातील, ते जाऊ द्या, पण शब्द नीट ऐका. आणि बाहेर पडल्यावर दुकानात एखादी तसबीर घ्यावीशी वाटलीच, तर जिच्यात मरदाना आहे ती घ्या.